भाजणी गव्हावर दळायची नसते!

दिवाळी चार दिवसांवर आली आणि गिरणीवाल्याने चकलीची भाजणी गव्हावर दळून हातात ठेवली. गव्हावर! डब्याला चिठ्ठी लावलेली, तोंडाने दोनदा सांगितलेलं, "तांदळावर दळा, नाहीतर हरभरा डाळीवर. गहू लागू देऊ नका." आणि उत्तर काय, तर "एवढ्याने काय होतंय ताई?"

काय होतंय ते सांगते. चकली खुसखुशीत होते ती तांदूळ आणि डाळींमुळे, कारण त्यांत ग्लुटेन नसतं. आधीच्या दळणाची कणीक दगडांमध्ये आणि चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीत भरलेली असते. ती झटकली नाही की सगळी भाजणीत उतरते. पाणी पडलं की उकड चिवट. सोऱ्यातून चकली पडते छान, रंगही धरते, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडावा तर वातड. वर हे दळण जाड! जाड दळायची ती थालीपिठाची भाजणी. चकलीची बारीकच हवी, नाहीतर वेढा घालतानाच तुटते. हे गिरणीवाल्याला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

त्या डब्यात काय होतं ते तरी बघा. 4 वाट्या तांदूळ, धुऊन पंचावर सावलीत वाळवलेले. 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूगडाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धने, 2 चमचे जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, तोही मंद आचेवर. उडदाची डाळ तर नजर हटली की करपते, आणि एक करपलेली मूठ अख्ख्या भाजणीला कडवट करते. म्हणून आमच्याकडे भाजणी दोघांनी मिळून करायची, ही लग्नापासूनची रीत. एकाने परतायचं, दुसऱ्याने निवडायचं आणि भाजलेलं परातीत पसरून पूर्ण गार करायचं, कारण गरम दाणे डब्यात भरले तर वाफ धरते. अख्खी संध्याकाळ जाते यात. आणि गिरणीवाल्याला पाच मिनिटं बाही झटकायला जड!

चकली घालायलाही दोघंच लागतात. उकड गरम असतानाच मळायची, लगेच सोऱ्यात भरायची. एक जण सोऱ्या दाबणार, दुसरा कढईपाशी. एकट्याने दोन्ही करायला गेलं की गोळा सुकतो आणि चकल्यांचे तुकडे पडतात. तरी दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "मिस्टर मदत करतात वाटतं!" दिवाळी दोघांची, घर दोघांचं, खाणार दोघं. यात मदत कुठून आली? पाडव्याला ओवाळून घ्यायला नवरा पाटावर हक्काने बसतो ना, मग आदल्या आठवड्यात सोऱ्याही हक्काने दाबेल.

आणि ते दुसरं वाक्य: "विकतची भाजणी का नाही आणत?" कारण स्वस्तातल्या पाकिटात तांदळाच्या पिठाचाच भरणा असतो. चकली पांढुरकी निघते आणि दाताला कडक लागते. वर मोबाइलवरचे ते व्हिडिओ, "भरपूर कडकडीत मोहन घाला"! भरपूर म्हणजे किती? मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की दगड. 2 वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या उकळतं पाणी आणि 2 टेबलस्पून तेल, सरळ आकडा सांगा ना. आचेचं तर कुणी बोलतच नाही. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, आत कच्ची राहते आणि गार झाली की मऊ पडते. बुडबुडे थांबेपर्यंत मध्यम आचेवरच ठेवावी लागते.

गिरणीवाल्याचं हे पहिल्यांदाच नाही. गेल्या दिवाळीत लाडवाचं बेसन रवाळ मागितलं तर मैद्यासारखं बारीक करून दिलं. सगळे लाडू टाळूला चिकटले, दीड किलो डाळ आणि एवढं तूप घालून! अनारशाचे तांदूळ ओलसर असतानाच दळायचे असतात, ते तर गिरणीत घेतच नाहीत, घरी मिक्सरवर काढून चाळत बसायचं. ठीक आहे, ओल्या तांदळाने दगड बुजतात, ते समजू शकते. पण कोरडी भाजणी? दिवाळीच्या आठवड्यात आख्खी पेठ भाजणीचे डबे घेऊन रांगेत उभी असते. सकाळचे दोन तास फक्त भाजणी आणि तांदूळ, गहू दुपारनंतर, एवढी पाटी लावायला काय खर्च येतो? काही गिरण्यांत भाजणीला वेगळी चक्की असते. इथे मागून मागून तोंड दुखलं.

बाटलेली भाजणी आता थालीपिठाला जाणार. थोडी कणीक तिथे चालते. चकलीची भाजणी आज रात्री पुन्हा भाजायची, दोघांनी, ऑफिसातून आल्यावर. उद्या डब्यासोबत एक किलो घरचे तांदूळ न्यायचे. आधी ते दळायला लावायचे, पडणारं पीठ चिमटीत चोळून बघायचं आणि गहू गेल्याची खात्री पटली की मगच भाजणी ओतू द्यायची. बाही समोर झटकून घेतल्याशिवाय डबा हातातून सोडायचा नाही. कितीही मोठी रांग असली तरी.