अधांतरी

गेल्या गुरुवारी सकाळी पावणेदहा ते अकरा वीस या वेळात माझा मुक्काम सातव्या आणि आठव्या पायरीच्या मध्ये होता. मुक्कामच म्हणायचं, कारण चहासुद्धा तिथेच झाला.

गुडघे गेले, झोपायची खोली वर, म्हणून मुलाने जिन्याला खुर्ची बसवून दिली. रूळ भिंतीला नाही, पायऱ्यांनाच ठोकतात. आमचा जिना वळणाचा, त्यामुळे रूळ मापाने बनवून आणावा लागला आणि महाग पडला. वेग असा की वर पोचेपर्यंत एक मारुतीस्तोत्र होतं. खुर्चीच्या पोटात बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. "लाइट गेले तरी चालते, आजी," असं विकणारा मुलगा म्हणाला होता, आणि ते खरं आहे. फक्त त्या बॅटऱ्या आधी चार्ज व्हाव्या लागतात, आणि आमच्या घरात दिसेल तो स्विच बंद करत हिंडणारा एक माणूस आहे. माझं लग्न त्याच्याशी झालंय. खुर्ची तीन दिवस पीं पीं करत होती. ह्यांचं निदान : समोरचे गाडी मागे घेतायत.

तर गुरुवारी आंघोळ करून खाली येताना वळणावर खुर्चीने एक उसासा टाकला आणि थांबली. हे मंडईत. मोबाइल खाली डायनिंग टेबलावर. दार नुसतं लोटलेलं, आणि त्यातून शेजारचे नाना आमचा पेपर न्यायला आत आले.

"काय वहिनी, वरच बसलात?"

"अडकलेय."

"अस्सं," म्हणून नाना खालच्या पायरीवर ऐसपैस बसले. "किती पडले हो हिचे?"

मी आकडा सांगितला नाही. मग त्यांनी स्वतःच एक आकडा धरला, तो दुप्पट केला आणि त्यावर "बाप रे" म्हणाले.

"वजन किती घेते?"

"एकशेवीस किलो."

नानांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मनात वजाबाकी चाललेली स्पष्ट दिसत होती. "मग ते कारण नसावं," ते म्हणाले, पण आवाजात खात्री नव्हती. "म्हणजे भरलेले चार सिलिंडर जातील. आणि हा पट्टा कशाला?"

"पडू नये म्हणून."

"पण हलत तर नाहीये."

मी म्हटलं, नाना, तुमच्या डोक्यामागचा तो स्विच दाबा. त्यांनी दाबला. काही झालं नाही. "गुरुवार ना आज!" नाना लॉटरी लागल्यासारखे म्हणाले. "दोनपर्यंत लाइट नाहीत. मेसेज आलाय मला."

इतक्यात माझा फोन वाजला. नानांनी उचलला. "वहिनी? आहेत ना. अधांतरी आहेत... नाही नाही, तब्येत उत्तम. बोलतायत. ओळखतायत सगळ्यांना." मग फोन ठेवून मला म्हणाले, "कोथिंबीर दोन जुड्या आणायला सांगितल्यात. तुम्हाला कुठे विचारत बसायचं अशा वेळी."

ओळखतायत! एकतीस वर्षं मी शाळेत बीजगणित शिकवलं. पण गुडघे गेले की माणसाचा आवाजही गेला असं लोक धरून चालतात. परवा बँकेत काउंटरवरच्या मुलाने माझ्यासमोर ह्यांना विचारलं, "आजींना सही जमते का?" त्याच बँकेत शिरायला पाच पायऱ्या आहेत. अपंगांसाठीचा कायदा २०१६ चा, नियम २०१७ चे, आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना सुधारायला दिलेली पाच वर्षं कधीच उलटून गेली. बँकेने रॅम्प केलाय, नाही असं नाही. त्यावर जनरेटर ठेवलाय. मी मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "मग ठेवायचा कुठे?" हा प्रश्नही त्याने ह्यांनाच विचारला.

असो. नाना उठले ते घरी जाऊन बायकोला घेऊन आले, मला दाखवायला. ती बिचारी समजूतदार, थर्मास घेऊन आली. कपात चहा ओतला आणि नानांना विचारलं, "यांना साखर चालते का हो?"

"चालते," मी वरून सांगितलं. दोघंही दचकले.

तशी मी पट्टा सोडून, पायरीवर टेकत टेकत आधीच उतरू शकले असते. गच्चीला कुलूप लावायचं असलं की मी असंच उतरते. पण नानांसमोर ते करायची माझी तयारी नव्हती. अकरा वाजून वीस मिनिटांनी हे आले, पिशवी ठेवली आणि थेट स्विचकडे गेले. "चालूच तर आहे," म्हणाले. अर्थात चालूच, नानांनी दाबला होता ना. पुरावा गेला. मग एका बाजूने हे, दुसऱ्या बाजूने नानांची बायको, आणि मी सात पायऱ्या बसत बसत उतरले. नाना खालून मोठ्याने मोजत होते. चौथ्या पायरीनंतर त्यांनी एकदम सहा म्हटलं. मी दुरुस्त केलं.

आता त्या स्विचवर मी चिकटपट्टी लावलीय. रविवारी नाना साडूंना घेऊन आले. "वहिनी, जरा एक चक्कर मारून दाखवा की."

"लाइट नाहीत," मी म्हटलं.

डोक्यावर पंखा पाचवर गरगरत होता. साडूंनी वर पाहिलं. मी पाहिलं नाही.