ब्लॅक पँथरबद्दलचा तो मेसेज : थोडा खुलासा

‘ब्लॅक पँथर हा पहिला आफ्रिकन-अमेरिकन सुपरहिरो; ब्लॅक पँथर पार्टीवरून मार्व्हलने त्याचं नाव ठेवलं’ असा मेसेज सध्या फिरतोय. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी नावाचं पाहू. मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीसाठी स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी घडवलेला ब्लॅक पँथर ‘फँटॅस्टिक फोर’ या कॉमिकच्या ५२व्या अंकात आला. मुखपृष्ठावर महिना आहे जुलै १९६६, आणि त्या काळी अंक छापील महिन्याच्या बराच आधी विक्रीला यायचे. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा पक्ष काढला ऑक्टोबर १९६६मध्ये. म्हणजे कॉमिक आधीचं. पक्षाचं काळ्या पँथरचं चिन्ह अलाबामातल्या लाऊंड्स काउंटीच्या मतदार-हक्क चळवळीतून आलं, कॉमिकमधून नाही. उलट नावावरून गोंधळ नको म्हणून १९७२मध्ये मार्व्हलनेच त्याला काही काळ ‘ब्लॅक लेपर्ड’ केलं होतं! ते टिकलं नाही, बरंच झालं.

दुसरं, ब्लॅक पँथर म्हणजे टचाला, हा वकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा. तो अमेरिकन नाहीच. मोठ्या प्रकाशनांमधला पहिला आफ्रिकन-अमेरिकन सुपरहिरो म्हणून मान जातो फाल्कनला, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅम विल्सनला (‘कॅप्टन अमेरिका’ अंक ११७, सप्टेंबर १९६९). स्वतःच्या नावाचं मासिक मात्र आधी ल्यूक केज या मार्व्हलच्याच दुसऱ्या आफ्रिकन-अमेरिकन सुपरहिरोला मिळालं, १९७२मध्ये.

त्याआधी, १९४७मध्ये, फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी कृष्णवर्णीय चित्रकारांना घेऊन ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं होतं. एकच अंक निघाला, पण त्यात ‘लायन मॅन’ हा कृष्णवर्णीय नायक होता. मेसेजमध्ये खरं तर हे यायला हवं होतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आधीच टाकला असेल, तिथे या तारखा टाका.