गडगा परत कोणी रचायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

देवाच्या क्षमेवरील माझ्या लेखावर आपण देवगडहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. केवळ आभार मानून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून हे लांबलेले उत्तर. आपला आक्षेप थोडक्यात असा : नुकसान झाले शेजाऱ्याचे आणि माफी देणार देव, मग ज्याचे गेले त्याला विचारले कोणी? आपण पुढे असेही लिहिता की, आपल्या गावात अन्याय झालेला माणूस देवळात गाऱ्हाणे घालतो आणि देव न्याय करील या भरवशावर राहतो. ख्रिस्ती माणूस मात्र अन्याय करून चर्चमध्ये जातो आणि सुटून येतो. शिवाय क्षमाच करायची, तर अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी देव करील त्या निवाड्याचा, एवढा बाऊ कशाला?

आपल्या आक्षेपाला बायबलातच आधार सापडतो, हे आधी कबूल करतो. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारविले. त्याच दाविदाच्या नावावर असलेल्या ५१व्या स्तोत्रात मात्र, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले, असे देवाला म्हटले आहे. यात उरीया कोठे आहे? कोणताही अपराध अखेर देवाच्या आज्ञेचाच भंग असतो, असे उत्तर भाष्यकार देतात. ते चुकीचे नाही, पण उरीयाच्या घरच्यांना ते पुरले नसते. म्हणून ते स्तोत्र शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावे लागते. तेथे नाथान संदेष्टा राजाला गरिबाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगतो, ती हिरावणाऱ्या श्रीमंतावर राजा संतापतो, चौपट भरपाईचा निवाडा देतो, आणि मग नाथान म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ अपराध्याच्याच तोंडून निवाडा झाल्यावर क्षमेचा शब्द येतो, आणि तो आल्यावरही दाविदाच्या घरावरील शिक्षेची तलवार हटत नाही. (त्या कथेत पुढे दाविदाचे तान्हे मूल दगावते. तो भाग मला आजही पचलेला नाही, आणि पचल्याचे सोंग मी करणार नाही.)

आता भरपाईविषयी. आमच्या आजोबांच्या वाडीला जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, होती. एका पावसाळ्यात तो गडगा ढासळला आणि शेजाऱ्याने पुन्हा रचताना तो दोन हात आमच्या बाजूला सरकवून घेतला. एक कापा फणस त्यामुळे त्याच्या हद्दीत गेला. शेजारीही ख्रिस्तीच होता. तीन वर्षांनी ईस्टरच्या आधी तो कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करायला, गेला. तेथे काय बोलणे झाले ते गुपितच राहते. पण ईस्टरनंतरच्या आठवड्यात तो एकटाच गडग्याचे दगड उतरवून जुन्या मेरेवर (हद्दीवर) रचत असलेला घरच्यांनी पाहिला. मेर सरकवणाऱ्याला बायबलातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शाप आहे, हे त्याला ठाऊक असेलही; मात्र दगड हलवायला केवळ शापाची भीती पुरते असे मला वाटत नाही.

त्याने केले ते चर्चच्या जुन्या शिकवणीला धरूनच होते. पाचव्या शतकाच्या आरंभी हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने एका पत्रात स्पष्ट लिहिले आहे की, परत करता येण्याजोगी वस्तू परत केली नाही, तर तो पश्चात्ताप नसून त्याचे नाटक आहे, आणि घेतलेले परत केल्यावाचून पाप सुटत नाही. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने हाच आधार घेऊन परतफेड तारणासाठी आवश्यक ठरवली. प्रोटेस्टंट बांधव येथे मला अडवतील, कारण त्यांच्या मते परतफेड हे क्षमेचे फळ आहे, किंमत नव्हे. मला त्यांचे म्हणणे मान्य आहे. जक्कय जकातदाराकडे येशू आपणहून मुक्कामाला गेला. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत, हे जक्कय नंतर बोलला. क्रम कोणताही माना, ज्याचे गेले त्याला वगळून ही कथा पुरी होत नाही.

येशूने सांगितलेल्या निर्दय चाकराच्या दाखल्यातही हेच आहे : राजाने ज्याचे मोठे कर्ज सोडले, तोच चाकर आपल्या सोबत्याचे छोटे कर्ज सोडत नाही. राजाने सोडलेले कर्ज दहा हजार तालांतांचे, म्हणजे मजुराच्या सुमारे ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके. त्यापुढे सोबत्याकडून येणे असलेले १०० दिनार क्षुल्लक होते, असे प्रवचनांत सर्रास सांगतात. पण १०० दिनार म्हणजे १०० दिवसांची मजुरी. खळ्यावर राबणाऱ्याला विचारा ती क्षुल्लक आहे का. येशूने तो आकडा चार नाण्यांवर आणला नाही, यावरून माणसाचे माणसाकडून झालेले नुकसान तो खरे धरतो, असे मी समजतो.

येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या आणि अखेरच्या घटकेला क्षमा मिळालेल्या चोराचा दाखला आपण दिलात. तो चोर ‘आम्ही आमच्या कर्माचे योग्य फळ भोगत आहोत’ या अर्थाचे बोलला, आणि क्षमा मिळाल्यावरही वधस्तंभावरून खाली उतरला नाही.

राहिला अंतिम न्याय. आपल्या गाऱ्हाण्याला जवळची गोष्ट आमच्याकडे कोणती असेल, तर ती हीच. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे म्हणजे नाडलेल्यांची गाऱ्हाणीच आहेत. ९६व्या स्तोत्रात देव पृथ्वीचा न्याय करायला येतो म्हणून समुद्र गर्जतो आणि रानातली झाडे आनंदाने गातात. त्या ओळींत भीतीचा लवलेशही नाही. ज्याची जमीन गेली, ज्याला कोर्टात खेटे घालून काही मिळाले नाही, त्याला न्यायाचा दिवस हा बाऊ कसा वाटेल? आपण आणि मी तो बाऊ मानतो, कारण आपण स्वतःला आरोपीच्या जागी कल्पितो. फिर्यादीच्या जागी उभे राहिल्यास तोच दिवस लवकर यावा असे वाटेल. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर न्यायाधीश स्वतःच उपाशी, उघडा, तुरुंगातला म्हणून समोर येतो. त्यामुळे आपण विचारता तो ‘ज्याचे गेले तो’ न्यायासनावर अनुपस्थित आहे, असे निदान त्या अध्यायापुरते तरी म्हणता येणार नाही.

तरीही आपल्या प्रश्नाचा एक भाग शिल्लक राहतो. गडगा जागेवर आला, पण तीन वर्षांचे फणस शेजाऱ्याने खाल्ले होते. त्यांचा हिशेब त्याने दिला नाही आणि आजोबांनी मागितला नाही. आजोबा त्याच्याशी पुढे दोन वर्षे बोलले नाहीत. मग एका मे महिन्यात त्यांनी त्याच झाडाचा एक फणस त्याच्या पडवीत नेऊन ठेवला. ती क्षमा होती की नुसता कंटाळा, हे मी त्यांना कधी विचारले नाही.