इंटरव्ह्यूला येताना तुमचं काम सोबत आणा

कालपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, जरा मोठं होईल पण घरात कोणी डिप्लोमा नाहीतर आयटीआय झालेलं असेल तर नक्की वाचायला द्या.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघते, नवीन पोरं घ्यायची असली की इंटरव्ह्यूला मलाही बसवतात. काल सहा जण आले होते. सहातल्या पाच जणांची सुरुवात शब्दाला शब्द तीच, माय सेल्फ अमुक, आय ॲम हार्ड वर्किंग, मग स्ट्रेंग्थ मग वीकनेस, आणि मधेच एखादा शब्द विसरला की पुढचं सगळंच बंद. लातूरकडून रात्रभर एसटीनं आलेला एक जण तर दुसऱ्याच वाक्याला अडकला, घाम फुटला त्याला, मला बघवेना. म्हटलं बाळा आधी पाणी पी, मराठीत बोल, घरी काय करतोस ते सांग.

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, मॅडम काकांचं दुकान आहे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. बेअरिंग कसं बसवतोस विचारलं आणि मग जो सुटला तो! शाफ्टवर, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या दांड्यावर, बसवताना आतल्या रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कड्यावर, पाइपचा तुकडा ठेवून सरळ ठोकायचं, बाहेरच्या रेसवर ठोकलं की मार बॉलवर येतो आणि बेअरिंग लवकरच आवाज करायला लागतं, फारच टाइट असेल तर तेलात गरम करून घ्यायचं म्हणजे फुगतं आणि अलगद जातं. हातानं दाखवत होता सगळं. आणि यातली एक ओळ त्याच्या रिझ्युमेत नव्हती! तिथं हॉबीज होत्या, क्रिकेट आणि म्युझिक. का नाही लिहिलंस म्हटलं तर म्हणे क्लासच्या सरांनी फॉरमॅट दिला होता, आणि मोटारीचं काय लिहायचं, ते तर घरचं काम.

याचंच मला फार वाईट वाटतं. आपल्या पोरांना कुणीतरी शिकवून ठेवलंय की हात काळे करून शिकलेलं ते शिक्षण नाही आणि पाठ केलेलं इंग्रजी म्हणजे शिक्षण. इंग्रजी यायला हवंच, ड्रॉइंग इंग्रजीत असतं, कस्टमरचा मेल इंग्रजीत येतो, पण ते सहा महिन्यांत शिकवता येतं.

त्याला व्हर्नियरचा, म्हणजे जाडी-व्यास मोजायच्या मापकाचा, लीस्ट काउंट विचारला, म्हणजे त्यावर दिसणारं सगळ्यात बारीक माप, तर ०.०२ मिमी म्हणाला. का? ते माहीत नाही मॅडम, असं सरळ सांगितलं, उगाच काही फेकलं नाही, आणि मला हे फार आवडलं. मग मी दाखवलं, व्हर्नियरच्या सरकत्या पट्टीवर ४९ मिमीत ५० भाग पाडलेले असतात, म्हणजे एक भाग ०.९८ चा, मेन स्केलचा १ मिमी, फरक ०.०२. लगेच पुढचं विचारलं, शाफ्ट २५ मिमी, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, प्लस मायनस ०.०१, व्हर्नियरनं चेक करशील का? दोन मिनिटं विचार करून म्हणाला नाही, सगळी सूटच ०.०२ ची आहे आणि याला त्याहून बारीक दिसतच नाही. बरोबर! लास्ट इयरचा प्रोजेक्ट विकत आणलेल्या दोघांना हे सांगता आलं नाही, त्यांच्या प्रोजेक्टमधली मोटर किती आरपीएमची तेही नाही.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की आदल्या रात्री शंभर प्रश्नोत्तरं घोकू नका, रिझ्युमे समोर ठेवा आणि प्रत्येक ओळीला स्वतःच विचारा, हे मी कसं केलं, का तसंच केलं, कुठं बिघडलं. आईला नाहीतर आजीला बसवून समजावून सांगा, जिथं त्या अडतील तिथंच आम्ही विचारणार असतो. शेतातला पंप, ट्रॅक्टर, काकाचं गॅरेज, वेल्डिंग, जे केलंय ते लिहा. आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनो, पोरगं अडकलं तर एकदा मराठीत विचारून बघा ना, काय जातं आपलं?

लातूरच्या पोराला सोमवारी ट्रायलला बोलावलंय, त्यानं जाताना पगार विचारला नाही म्हणून मीच सांगितला. पोरांनो, पगार विचारायला लाजू नका, सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, ऐकून खूश होऊ नका, पीएफ वगैरे कापून हातात किती येतात ते विचारा, शिफ्ट किती तासांची, बस आहे का, कँटीन आहे का. आणि इंटरव्ह्यू लावून देतो म्हणून आधीच रजिस्ट्रेशनचे पैसे मागणाऱ्याला किंवा ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. झेरॉक्स द्या, ओरिजिनल फक्त दाखवा आणि परत पिशवीत घाला.