मनाला गडगा घालण्याची रीत

मन आतून घट्ट करायचं म्हणजे वेळखाऊ काम, आणि चार लोकांना दाखवायला हाती काही नाही. त्यापेक्षा सुरुवात बलकांवापासून, म्हणजे गोव्यातल्या घराच्या दारापुढच्या बैठकीपासून करा.

तिथल्या समोरासमोरच्या दोन सोप्यांपैकी, म्हणजे बांधीव बाकांपैकी, उजवा तुमचा. रस्ता दिसतो, पाठ भिंतीला लागते, संध्याकाळचं ऊन तोंडावर येत नाही. उठताना जागेवर चष्म्याचं घर ठेवून जा. छत्री ठेवू नका, छत्री लोक खुशाल कोपऱ्यात उभी करतात. पाहुणा तिथे बसलाच तर त्याला उठा म्हणायचं नाही. समोर उभं राहून "बसा हो, बसा" म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत तो उठतोच.

मग सकाळ बांधून घ्या. पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आत गेटवर हजर. दोन उंडे, एक पोळी, दोन्ही पावाचेच प्रकार; उंडा बुडाशी टिचकी मारून घ्यावा, पोकळ आवाज आला तर नीट भाजलाय. (पूर्वी पीठ माडाच्या सुरेवर फुगायचं, आता यीस्टवर, तक्रारीला हा विषय बारमाही पुरतो.) सवय मुरायला किती दिवस? लंडनच्या संशोधकांनी 96 जणांवर पाहून 2009 मध्ये छापलं: मध्यावरचा आकडा 66 दिवस, पण माणसागणिक अंदाज 18 पासून 254 पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. पोदेराची सायकल पंक्चर झाली की तुमचा दिवस वाया गेलाच पाहिजे, नाहीतर एवढी सवय लावली कशाला?

आता गडगा, म्हणजे आवाराची भिंत. पंचायतीचा परवाना घेऊन चिऱ्यांचा बांधा, माथ्यावर ओल्या सिमेंटात फुटक्या बाटल्यांच्या काचा रोवा. उताराच्या जागेत तळाशी पाणी जायला भोकं ठेवा. ती ठेवली नाहीत तर पावसात मागची माती पाणी पिऊन जड होते, भिंत पोटातून फुगते आणि जुलैतल्या एखाद्या रात्री आडवी होते. भोकं ठेवलीत तर भोकांतून कोण येईल ही काळजी मिळते. फायदा दोन्हीकडून.

वेशीवरच्या राखणदार देवाला नैवेद्याचा रोट दिला की रात्रीची राखण तो करतो, अशी गावाची श्रद्धा. त्यावर गाव घोरत झोपतं. तुम्ही कॅमेरा लावा आणि रात्री दोनदा उठून मोबाईलवर गेट बघा. काही नसतं. हायसं वाटतं. सगळी गंमत या हायसं वाटण्यात आहे: पुढच्या रात्री तेच तुम्हाला उठवतं. मन हिशोब मांडतं की बघितलं म्हणूनच चोर आला नाही. न बघता काय झालं असतं हे तपासायची पाळीच येत नाही, त्यामुळे हिशोब कधी चुकत नाही. महिन्याभरात दोनदाचं चारदा होतं.

हा सगळा बेत उधळणारी एकच गोष्ट आहे, ती चुकूनही करू नका. डाव्या सोप्यावर जाऊन बसणं. तेही वीस-तीस मिनिटं, मोबाईल आत ठेवून, दर पाच मिनिटांनी कागदावर बेचैनीला शून्य ते दहात गुण देत. आकडा आधी चढतो, सहा, सात, आणि मग बहुतेकदा कुणी काही न करता खाली यायला लागतो. आठवडाभर रोज बसलात तर मुळात चढतोच कमी. एवढ्या वर्षांची मेहनत अशाने बुडायची. म्हणून आकडा सातवर असताना लगेच उठा आणि उजवीकडे पळा. तिथे जी सुटका वाटेल, ती भीतीला आणखी दोन चिरे लावून जाईल.

शिवाय डाव्या सोप्यावरून दिसतं तरी काय? समोर तुमची रिकामी जागा, चष्म्याचं घर, आणि त्याला टेकून झोपलेलं, काचांवरून आलेलं शेजारचं मांजर.