टाचण, तोंडपाठ धडा आणि ‘वर्गातला माणूस’

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पाठाचं टाचण, म्हणजे तास कसा घ्यायचा याची आधी केलेली आखणी, शेवटाकडून लिहावं. तास संपताना मुलांना कोणता प्रश्न सोडवता यायला हवा ते आधी ठरवायचं, मग मागे येत उदाहरणं, कृती आणि सगळ्यात शेवटी प्रस्तावना. तास संपताना तो प्रश्न मुलांकडून चिठ्ठीवर सोडवून घ्यायचा. त्यावर ‘वर्गातला माणूस’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी : “सर, जरा वर्गात या. अनुभवी शिक्षकाला टाचण लागत नाही, धडा तोंडपाठ असतो. टाचण म्हणजे वर्गाबाहेरच्यांनी नाचवलेले कागदी घोडे. एवढ्या मोठ्या वर्गात रोज शेवटी चिठ्ठ्या घेऊन तपासणार कोण? सगळं पुस्तकी.”

पहिली गोष्ट, मी सर नाही. दुसरी, ‘वर्गाबाहेरचे’ कोणाला म्हणालात? खडू आणि फळा यांत माझी हयात गेली. गणित शिकवलं, तेही बाकांमधून सरळ चालता येणार नाही अशा वर्गांत. घसा बसला तेव्हा नुसतं फळ्यावर लिहून तास काढले आहेत. रात्री जेवणं आटोपल्यावर टाचण लिहायला बसायचे, तेव्हा आजूबाजूला घोडे नाचताना काही दिसले नाहीत. मतभेद असू द्या की, पण समोरच्याने कधी वर्ग पाहिलाच नाही असं गृहीत धरून बोलायला सुरुवात करायची, ही कुठली रीत?

एक मात्र मान्य. तपासणीपुरतं लिहिलेलं, गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेलं, रकानेच रकाने असलेलं टाचण निरुपयोगी असतं. त्यावरचा तुमचा राग रास्त आहे. पण मी त्याची भलामण केली कुठे? जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपदीचं, म्हणजे प्रत्येक पाठ ठरावीक पाच पायऱ्यांत बसवण्याच्या पद्धतीचं, तर मी नावही काढलं नव्हतं. (ती पाच पायऱ्यांची चौकट तरी हर्बार्टची कुठे? ती पक्की केली झिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी.)

आता ते वाक्य, ‘धडा तोंडपाठ असतो’. असेल ना. धडा तुम्हाला पाठ आहे, पण मुलं कुठे अडतील तेही पाठ आहे का? दशांश अपूर्णांक घ्या. ‘०.५ मोठा की ०.१२५?’ असं विचारलं की काही मुलं ०.१२५ म्हणतात, कारण पाचापेक्षा एकशे पंचवीस मोठे. ज्यांनी ०.५ म्हटलं त्यांना आलं, असं समजून आपण पुढे जातो. पण त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यात उलटाच नियम असतो : दशांश चिन्हानंतर जितके अंक कमी, तितकी संख्या मोठी. उत्तर बरोबर, कारण चूक. ही मुलं सापडतात ‘०.४५ की ०.३?’ या प्रश्नावर, कारण तिथे ती ०.३ म्हणतात. आणि एकशे पंचवीसवाली मंडळी इथे अलगद बरोबर ठरतात! म्हणजे दोन्ही प्रश्न हवेत. ही जोडी तास चालू असताना, मागच्या बाकावर भांडण जुंपलेलं असताना सुचत नाही. ती आदल्या दिवशी शांतपणे निवडावी लागते. त्या निवडीलाच मी टाचण म्हणते. ते पाठकोऱ्या कागदावर लिहा, नाहीतर तळहातावर.

अनुभवाचं म्हणाल तर जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे बघतात. मुलं काय काय उत्तरं देतील याचा अंदाज त्या आराखड्यात आधीच लिहिलेला असतो. त्यात मुरलेले शिक्षकही बसतात, त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मला थांबायची आठवण राहत नाही, म्हणून मी प्रश्नापुढे टाचणातच ‘थांब’ लिहिते. तुम्हाला राहत असेल, तर आनंद आहे.

चिठ्ठ्यांचं काय घेऊन बसलात? गुण द्या असं कोणी सांगितलं? बरोबर, चूक आणि कोऱ्या असे ढीग करायचे आणि उद्याची सुरुवात ठरवायची. त्यावर जास्त लिहीत नाही. राहिलं ‘पुस्तकी’. हो, आहेच. आधी उद्दिष्ट, मग मुलांना द्यायचे शिकण्याचे अनुभव, हा क्रम अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडला, आणि शेवटाकडून आखणीची पद्धत विगिन्स आणि मॅकटाय या तिथल्याच दोघांनी १९९८ मध्ये. पुस्तकात छापलं म्हणून एखादी गोष्ट वर्गात चालेनाशी होते, हा शोध मात्र सर्वस्वी तुमचा.

पुढच्या वेळी दशांश अपूर्णांक शिकवताना तुमचा पहिला प्रश्न कोणता असेल आणि तोच का, एवढं इथे लिहा. धडा तोंडपाठ आहे म्हणालात, तेव्हा वेळ लागणार नाही. आणि नाव ‘वर्गातला माणूस’च ठेवणार असाल, तर निदान मला ‘मॅडम’ म्हणा.