दगड दुःख शोषून घेत नाही, पौर्णिमाही नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. जवळचं माणूस गेलं असेल तर पौर्णिमेच्या रात्री रोझ क्वार्ट्झ (गुलाबी स्फटिकाचा दगड) छातीशी धरून बसा, मनातलं कागदावर लिहा, कागद जाळा, क्रिस्टल रात्रभर पाण्यात घालून चांदण्यात ठेवा, सकाळी ते पाणी प्या, तीन पौर्णिमांत दुःख बाहेर पडतं. आणि शेवटी "सायन्सने सिद्ध झालंय" हे आहेच. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हो, अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही म्हणून माणूस काहीतरी फॉरवर्ड करतो. पण त्यातलं एक वाक्य चक्क छळणारं आहे, त्याकडे येतोच.

आधी ते सायन्स. "क्वार्ट्झमध्ये व्हायब्रेशन असतं, म्हणून तर घड्याळात वापरतात." अर्धवट खरं. १८८० मध्ये प्येर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवलं की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यावर विद्युतभार तयार होतो. पुढे उलटंही दिसलं, वीज दिली की तो कंप पावतो. घड्याळातला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा हलतो ते यामुळेच, पण तो मुद्दाम तसा कापलेला असतो आणि त्याला सेल जोडलेला असतो. सेल संपला की घड्याळ बंद, क्वार्ट्झ तिथेच असतो तरी. हातातल्या दगडाला कुठला सेल? आणि समजा हललाच, तरी तो तुमचं दुःख शोधून खेचून कसं घेणार, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

अजून एक गंमत. "जांभळा ॲमेथिस्ट शोकासाठी, पिवळा सिट्रीन आनंदासाठी." दोन्ही क्वार्ट्झच, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, जांभळा रंग त्यातल्या किंचितशा लोहामुळे. ॲमेथिस्ट भट्टीत तापवला की बऱ्याचदा पिवळा होतो, आणि बाजारात सिट्रीन म्हणून मिळणारा बराचसा माल हा असाच तापवलेला ॲमेथिस्ट असतो. म्हणजे शोकाचा दगड भाजला की आनंदाचा झाला.

"पण मला स्वतःला जाणवलं ना, हात गरम झाला, शांत वाटलं." जाणवलं असेल, खोटं बोलताय असं कोण म्हणतंय. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ क्रिस्तोफर फ्रेंच यांनी हेच तपासलं होतं, २००१ मध्ये त्यांनी ते मांडलं. ८० जणांना स्फटिक हातात धरून ध्यान करायला बसवलं, काहींच्या हातात खरा, काहींच्या हातात नकली. मुंग्या येणं, ऊब वाटणं, मन शांत होणं, दोन्हीकडे सारखंच. म्हणजे जे झालं ते तुम्ही शांत बसलात आणि अपेक्षा होती म्हणून झालं. श्रेय तुमचं आहे, दगडाला कशाला देताय?

आता चंद्र. "चंद्र समुद्र हलवतो, आपण ७० टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला भावना वर येतात." मोठ्या माणसाच्या शरीरात पाणी साधारण ६० टक्के असतं, पण ते सोडा. मोठी भरती अमावस्येलाही येते, तेवढीच. मग अमावस्येला दुःख का नाही वर येत? आणि भरती येते ती समुद्राच्या अवाढव्य पसाऱ्यामुळे. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या प्रचंड तलावांतसुद्धा चंद्रामुळे होणारा चढउतार ५ सेंटीमीटरच्या आतच राहतो, तिथे साडेपाच फुटी माणसाचं काय घेऊन बसलात. हां, पौर्णिमेच्या आसपास झोप थोडी कमी होते असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत दिसलेलं नाही. पण झोप कमी होणं म्हणजे दुःख बरं होणं नव्हे, उलटच.

ते पाणी मात्र खरंच पिऊ नका. क्वार्ट्झने फारसं काही होणार नाही, पण लोक दुसरे दगडही टाकतात, हिरव्या मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, लाल सिनाबारमध्ये तर पारा. सेलेनाइट म्हणजे जिप्सम, ते पाण्यात हळूहळू विरघळतं.

आता ते वाक्य. "तीन पौर्णिमांनंतरही दुःख गेलं नाही तर तुम्हीच धरून ठेवलंय, जाऊ द्या, गेलेला आत्माही अडकतो." ओळखीतल्या एका ताईंनी हे सगळं मनापासून केलं. नवरा गेलेला. तिसऱ्या वेळी वाऱ्याने कागद अर्धाच जळला, "त्याचा चष्मा अजून टेबलावर आहे" एवढी ओळ ताटलीत शिल्लक राहिली, आणि त्या मला विचारत होत्या की म्हणून फेल गेलं का, परत करायला हवं का. आधीच माणूस गेलेलं, त्यात आता आपण नीट शोकही केला नाही आणि त्यालाही अडकवून ठेवलं हे ओझं! हे लिहिणाऱ्याचा मला खरंच राग येतो.

पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, म्हणजे पहिलीपासून तिसरीपर्यंत जेमतेम दोन महिने. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, सुद्धा किमान सहा महिने उलटल्याशिवाय, शिवाय ते त्या समाजाच्या रीतीच्याही पलीकडे गेल्याशिवाय, लांबलेल्या शोकाला आजार म्हणत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक, डीएसएम, मोठ्या माणसांसाठी वर्षभर थांबतं. दोन महिन्यांत रडू येणं यात बिघाड कसला? शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की शोकातला माणूस आत-बाहेर करत राहतो, थोडा वेळ आठवणींत, थोडा वेळ गॅसचं बिल नि मुलांच्या शाळेत, परत आठवणींत. कुणी मागे गेलं म्हणजे हरलं असं नाही.

लिहिणं, दिवा लावणं, ठरलेल्या रात्री त्या माणसासाठी बसणं, याला माझा काडीचाही विरोध नाही. करावंसं वाटतं तर करा, दगड आवडतो तर खिशात ठेवा. फक्त हिशोब मांडू नका, तीन पौर्णिमा झाल्या, आता दुःख गेलं पाहिजे, असा. आणि ज्यांचं खरंच अडकतं, महिनोन्‌महिने जगणंच ठप्प होतं, त्यांच्यासाठी खास शोकावरची थेरपी आहे. मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांच्या २००५ च्या अभ्यासात अशा थेरपीने ५१ टक्के लोकांना फरक पडला, नेहमीच्या दुसऱ्या एका थेरपीने २८ टक्क्यांना. सगळ्यांना नाही, हेही बघा, पण निदान मोजलंय तरी. आणि गेलेल्या माणसाच्या मागे आपणही जावं असे विचार यायला लागले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा.